चोपडी ज्याच्या हाती, निर्णय त्याच्या हाती
(करंजाडे, ता. पनवेल येथील बैठकीत केलेली मांडणी)



बैठकीचा विषय ऐकून काहींना वाटले असेल, संगणक आणि माहिती हा कंपनीवाल्यांचा कारभार. भातखाचराचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि करंजाड्यात तो जितका उघडा दिसतो तितका क्वचितच कुठे दिसेल. जिथे भात झोडले जात होते तिथे आज सेक्टर आहेत, आणि विमानतळासाठी उठलेली गावे शेजारी येऊन वसली आहेत. जमीन गेली, हे सर्वांना दिसते. जमिनीच्या आधी काय गेले, ते आज मांडायचे आहे.

धंदेवाला माहिती गोळा करतो ती हौस म्हणून नाही. त्याला निर्णय घ्यायचा असतो. शहरातल्या मोठ्या दुकानात बिस्किटाच्या पुड्यावरच्या काळ्या रेघांवर यंत्र फिरवतात. पहिले काम, बिल होते. दुसरे काम, संध्याकाळी किती माल उरला आणि उद्या किती मागवायचा ते कळते. तिसरे काम वर्षाअखेरीचे: कोणता माल बंद करायचा, कोणत्या पुरवठादाराला दर पाडून मागायचा, नवे दुकान कुठल्या वस्तीत काढायचे. नोंद एकच, पण तिच्यावर रोजचा व्यवहार चालतो, महिन्याचा कारभार चालतो आणि पुढच्या पाच वर्षांचे धोरणही ठरते. माहिती यंत्रणा म्हणतात ती एवढीच. आधी निर्णय काय घ्यायचा ते ठरते, मग प्रश्न ठरतो आणि शेवटी नोंद होते. यंत्र असो वा लाल कापडाची चोपडी, क्रम हाच.

आता आपले पाहा. वाशीच्या बाजारात माल जातो, हिशेबपट्टी येते. ती आम्ही तारेला खोवतो आणि विसरतो. अडत्याकडे मात्र पन्नास गावांच्या पट्ट्या एकाच चोपडीत असतात. कोणत्या गावाचा माल कधी येतो, कोणाला पैशाची निकड असते, कोणता शेतकरी माल परत नेऊ शकत नाही, हे त्याला ठाऊक असते. दोघांकडे कागद तोच आहे. फरक एवढाच की त्याने तो जमवला आणि आपण तो तारेला टांगला.

हीच गोष्ट जमिनीच्या बाबतीत घडली. १९७० साली सिडको स्थापन झाली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली ९५ गावे नव्या शहराच्या आखणीत आली. आखणी करणाऱ्यांपुढे नकाशा होता: रस्ता कुठून जाणार, स्टेशन कुठे येणार, बाजारपेठ कुठे बसणार. शेतकऱ्याच्या हातात सातबारा होता आणि डोक्यात हिशेब होता खंडीचा, एकरी भात किती. एका बाजूला जमीन उद्या काय होणार ते माहीत, दुसऱ्या बाजूला ती काल काय देत होती ते माहीत. भावाची बोलणी खंडीवर झाली, निर्णय मात्र नकाशावर झाला. अशा सौद्यात घासाघीस कितीही करा, पारडे आधीच झुकलेले असते.

ते पारडे थोडे तरी सावरायला जानेवारी १९८४ चे आंदोलन लागले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले. जासई परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. ती रक्ताची कमाई आहे, म्हणूनच तिचा हिशेब प्रत्येक घरात पाठ असायला हवा. एक एकर म्हणजे ४० गुंठे. साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. त्यातून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा, राहिले पावणेनऊ टक्के. म्हणजे हातात येतात साडेतीन गुंठे, सुमारे ३५४ चौरस मीटर.

त्या साडेतीन गुंठ्यांची किंमत गुंठ्यावर ठरत नाही. भूखंड कोणत्या सेक्टरात, किती रुंद रस्त्यावर, ताबा कधी, वारसांची नावे लागलेली आहेत की नाहीत, यावर ती ठरते. या चार गोष्टी ज्याच्या फाइलीत आधी जमल्या, त्याने भूखंड हाती येण्याआधीच करार करून घेतला. ज्याच्या घरी फाइलच नव्हती त्याला रोख रक्कम मोठी वाटली. विमानतळबाधितांसाठी २०१४ साली साडेबावीस टक्क्यांचे पॅकेज आले. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचे उद्घाटन झाले, डिसेंबरात विमाने उडू लागली. आता आजूबाजूच्या एकेका गुंठ्यावर कोणाची ना कोणाची नजर आहे, आणि प्रत्येक नजरेमागे कुठेतरी एक यादी आहे. आपली यादी कुठे आहे?

कोणी म्हणेल, हिशेब ठेवणे आमच्या रक्तातच नाही. आपल्या चळवळीचा जन्म आठवा. शरद जोशी स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आले आणि आंबेठाणला कोरडवाहू शेती करू लागले. शेतीचा एकेक खर्च त्यांनी वहीत मांडला. हिशेब काही केल्या जुळेना, तेव्हा सवाल उभा राहिला: राबणारा आळशी नाही, मग तोटा येतो कुठून? उत्तर निघाले भावात. १९७८ साली चाकणला कांद्याचे आंदोलन झाले ते त्या हिशेबाच्या पायावर. उत्पादन खर्चावर आधारित भाव ही मागणी वहीतून वर आली आणि रस्त्यावर गेली. ती वही हीच आमची पहिली माहिती यंत्रणा.

मात्र संगणक आणून ठेवला की काम झाले, असेही समजू नका. १९९८ साली वारणानगरच्या परिसरातल्या सत्तर गावांत संगणक केंद्रे उघडण्याचा प्रकल्प सुरू झाला. देशभर त्याची चर्चा झाली. गावोगावी बाजारभाव आणि शेतीचा सल्ला मिळेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात केंद्रांवर प्रामुख्याने चालले ते कारखान्याचे काम: उसाची नोंद, तोडणीची परवानगी, वजन, बिल. ते वाईट झाले असे नाही. शेतकऱ्याचे हेलपाटे वाचले. पुढे काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या साध्या संदेशावर तेच काम करून पाहिले, तेही चालले. यातून घ्यायचा धडा असा, की यंत्रणेत ज्याचा प्रश्न घातला असेल त्याचेच उत्तर बाहेर येते. कारखान्याचा प्रश्न होता, ऊस कधी आणि किती येणार. शेतकऱ्याचा प्रश्न, ऊस लावावा की दुसरे काही, तो कोणी घातलाच नव्हता.

उलट उदाहरण द्राक्षाचे. कीडनाशकांच्या अंशावरून युरोपात माल अडू लागला, तेव्हा २००६ साली अपेडाने निर्यातीच्या बागांसाठी ग्रेपनेट ही नोंदणी सुरू केली. बाग कोणाची, तपासणीत काय निघाले, याची नोंद पेटीबरोबर जोडली गेली. इथे नोंद हेच शेतकऱ्याचे हत्यार झाले. 'तुझा माल खराब' असे कोणी मोघम म्हणू शकत नाही. कोणत्या बागेतला, ते दाखवावे लागते. आणि ज्याची बाग साफ, त्याला दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा भोगावी लागत नाही.

आज तर नोंद आम्हीच भरून देतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून पिकाचा फोटो चढवतो. विमा, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी यांसाठी ती उपयोगी आहे, भरलीच पाहिजे. पण ध्यानात घ्या, कोणते पीक किती क्षेत्रात आहे हे आता वर बसलेल्याला पीक निघण्याआधी कळू शकते. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली, ती ४ मे २०२४ ला उठली. मधले पाच महिने ज्याचा कांदा चाळीत होता त्याला कोणी विचारले नाही. माहिती शेतातून वर जाते आणि निर्णय होऊन खाली येतो. ही एकेरी वाट मोडायची असेल तर गावाजवळ स्वतःचा आकडा हवा.

म्हणून प्रत्येक गावात तीन वह्या घालाव्यात, असे आमचे म्हणणे आहे.

पहिली वही खर्चाची. एकरी बी, खत, मजुरी, पाणी आणि घरच्या माणसांची मजुरीसुद्धा. घरच्या बाईचे राबणे शून्य धरून केलेला हिशेब खोटा असतो.

दुसरी वही पट्ट्यांची. तारीख, वजन, दर, कापलेली रक्कम. वीस घरांच्या पट्ट्या शेजारी शेजारी लिहिल्या, की एकाच दिवशी एकाच मालाला कोणाला काय मिळाले ते दिसते. कोणाकडे माल घालायचा, हे मग ओळखीवर ठरणार नाही.

तिसरी वही जमिनीची. सर्व्हे नंबर, वारस, संपादनाचा निवाडा, मिळालेला मोबदला, देय भूखंड, झालेले करार. नैना क्षेत्रातल्या गावांनी तर ही वही आजच उघडावी. तिथे जमीन घेऊन तिचा काही भाग भूखंड म्हणून परत देण्याची योजना आहे. म्हणजे खंडी आणि नकाशा यांची तीच गाठ पुन्हा पडणार आहे. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकत घेण्याची मुदत मोजकी असते. त्या मुदतीत ज्याचे कागद हाताशी, त्याची हरकत टिकते.

प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहा: ही वही कोणत्या निर्णयासाठी? ओळ सुचली नाही तर ती वही घालू नका, फुकट शाई जाईल. पट्ट्यांची आणि खर्चाची वही गावात कोणालाही पाहता यावी. जमिनीची वही मात्र ज्याची त्याने पाहावी. ती दलालाच्या हाती गेली तर त्याचीच यंत्रणा आपण फुकटात उभी करून देऊ. आणि कोणताही कागद, त्याची प्रत घरात आल्याशिवाय, सही करून परत द्यायचा नाही.

वही घालायला अनुदान लागत नाही, परवाना लागत नाही. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना भाषणे आणू नका, वह्या आणा. मागणी काय करायची ते त्यांच्यावरून ठरवू.