सार्वजनिक वाफा आणि माळ्याचे वेतन

(नागरी प्रश्नांवरील व्याख्यानाचा मजकूर)



इंग्लंडमध्ये यॉर्कशर आणि लँकेशर यांच्या सीमेवर टॉडमॉर्डन नावाचे सुमारे १५ हजार वस्तीचे एक गाव आहे. एके काळी ते कापडगिरण्यांसाठी प्रसिद्ध होते. २००८ साली पॅम वॉरहर्स्ट, मेरी क्लिअर आणि त्यांच्या सोबत्यांनी तेथील दुर्लक्षित सार्वजनिक जागांत भाजीपाला लावण्यास सुरुवात केली. 'इनक्रेडिबल एडिबल' या नावाने हा उपक्रम ओळखला जातो. पोलीस ठाण्यासमोर मका उभा राहिला, आरोग्यकेंद्राशेजारी औषधी वनस्पती आल्या, रेल्वे स्थानकावरही वाफे फुलले. कित्येक ठिकाणी कोणाचीही परवानगी न मागता कुदळ चालली. श्रम स्वयंसेवकांचे होते. पीक मात्र ज्याला हवे त्याने तोडून न्यावे, असा परिपाठ ठेवण्यात आला.

व्यवहारी माणसाची पहिली शंका अशी की, जे सर्वांचे ते कोणाचेच नसते. एखादा लोभी मनुष्य सारे ओरबाडून नेईल. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली सामायिक कुरणाचा दृष्टान्त देऊन हेच मत मांडले होते. त्याला उत्तर दिले ते एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी. स्वित्झर्लंडची डोंगराळ कुरणे, जपानमधील गावांची सामायिक राने, स्पेनमधील पाटबंधारे यांचा अभ्यास करून १९९० साली त्यांनी दाखवून दिले की, माणसे एकत्र बसून नियम करतात, ते पाळतात आणि सामायिक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकवतात. २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. अर्थात त्यांच्या उदाहरणांत हक्कदार ठरलेले होते. टॉडमॉर्डनमध्ये वाटसरूही हक्कदार आहे. हे शक्य होते, कारण तेथील वाफे गावाचे पोट भरण्यासाठी नाहीत. सार्वजनिक जागा आपली आहे, ही जाणीव रुजवणे हे त्यांचे खरे पीक होय.

येथे इतिहासातील एक प्रसंग आठवावा. एप्रिल १६४९ मध्ये जेरार्ड विन्स्टॅन्ली आणि त्याचे दरिद्री सोबती सरे परगण्यातील सेंट जॉर्जेस हिल येथील सामायिक जमिनीवर गाजर आणि घेवडा पेरू लागले. पृथ्वी ही सर्वांची समाईक ठेव आहे, असे ते म्हणत. वर्षभरात जमीनदारांनी त्यांना मारहाण करून, त्यांच्या झोपड्या जाळून हुसकावून लावले. टॉडमॉर्डनच्या स्वयंसेवकांच्या वाट्याला मात्र कौतुक आले. पुढे कॅल्डरडेलच्या नगरप्रशासनाने पडीक जागांची यादी करून लागवडीसाठी रीतसर परवाने देण्याची व्यवस्था केली. हा फरक का पडला? विन्स्टॅन्लीने मालकीचाच प्रश्न उपस्थित केला होता; आजच्या वाफ्याने कोणाच्याही मालकीला धक्का लागत नाही. जे सत्तेला स्वस्तात पडते त्याचे सत्ता स्वागत करते, हे समाजवाद्यांनी विसरता कामा नये.

आणि धोका नेमका या स्वस्ताईत आहे. २०१० नंतर ब्रिटनच्या मध्यवर्ती सरकारने स्थानिक संस्थांच्या अनुदानाला मोठी कात्री लावली. इंग्लंडमध्ये उद्याने राखणे हे नगरसंस्थांचे कायद्याने बंधनकारक कर्तव्य नाही. म्हणून कात्री प्रथम तेथे लागणे सोपे असते. अशा वेळी स्वयंसेवकांकडे प्रशासन 'फुकटचे हात' म्हणून पाहू लागते. माळ्याचे वेतन राष्ट्रीय उत्पन्नात मोजले जाते. तेच काम नागरिकाने विनामूल्य केले की ते हिशेबातून नाहीसे होते आणि अंदाजपत्रकात 'बचत' म्हणून झळकते. वस्तुतः श्रम नाहीसे झालेले नसतात. नाहीशी झालेली असते ती एका कामगाराची भाकरी.

शिवाय स्वयंसेवेला वेळ लागतो, आणि वेळ सर्वांना सारखा वाटलेला नाही. या टॉडमॉर्डनचाच गिरणीमालक जॉन फील्डन याने संसदेत झगडून १८४७ साली दहा तासांचा कायदा संमत करवून घेतला. कापडगिरण्यांतील स्त्रिया आणि अल्पवयीन मुले यांच्या कामाला त्या कायद्याने दिवसाकाठी दहा तासांची मर्यादा घातली. रिकामी संध्याकाळ ही कामगारांनी दीर्घ चळवळ करून मिळवलेली मिळकत आहे. जो दोन ठिकाणी राबतो, त्याला वाफ्यावर खुरपे धरायला कोठून फुरसत मिळणार? म्हणजे कामाच्या तासांचा लढा आणि गावाच्या बागेचा प्रश्न हे वेगळे नव्हेत.

आपल्याकडेही श्रमदानाची परंपरा मोठी आहे आणि ती जपलीच पाहिजे. तरुणांनी चौकात झाडे लावावीत, शाळेच्या कुंपणालगत वाफे करावेत, आळीतील वृद्धांना बरोबर घ्यावे. परंतु नगरपालिकेशी बोलताना तीन गोष्टी प्रथम लिहून घ्याव्यात: जागा सार्वजनिकच राहील, पाणी नगरपालिका पुरवील, आणि माळ्याचे एकही पद या निमित्ताने रिकामे ठेवले जाणार नाही. माळी आणि स्वयंसेवक शेजारी शेजारी काम करतील, तेव्हा एकाला कसब शिकवता येईल आणि दुसऱ्याला त्या कसबाची किंमत कळेल. माळ्याला घरी बसवून फुललेली बाग कितीही देखणी असली, तरी तिला सार्वजनिक म्हणता येणार नाही.