कर्ण्याच्या गळ्यातला पडदा

गांधीजींच्या आणि नेहरूंच्या सभांची जुनी छायाचित्रे निरखून पाहिली, तर मायक्रोफोनवर अनेकदा 'शिकागो रेडिओ' ही पाटी दिसते. नाव अमेरिकेतल्या शहराचे; कंपनी मात्र मुंबईची, सिंधमधून आलेल्या मोटवाने कुटुंबाची. याच घराण्याचा कारखाना आपल्या नाशिकरोडला आहे. तिथे विजेची मोजमापयंत्रे बनतात.

नानिक मोटवाने यांनी १९३१च्या कराची काँग्रेसमध्ये ध्वनिक्षेपकांची व्यवस्था केली. १९४२च्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहतांबरोबर तेही आरोपी होते. पुढे ते निर्दोष सुटले.

त्या काळी अ‍ॅम्प्लिफायरची ताकद जेमतेम काही वॅट. मग हजारोंच्या सभेला भाषण ऐकू कसे जाई? ही किमया कर्ण्याची. साध्या कागदी कोनाच्या स्पीकरमध्ये विजेचा अगदी थोडा अंश आवाजात उतरतो, बाकीची उष्णता होते. कर्ण्याच्या अरुंद गळ्याशी मात्र छोटा पडदा हवेला नेटाने दाबतो, आणि आवाज लांबवर पोचतो. पण हा दाब सोसायचा तर पडदा हलका हवा आणि ताठही हवा. तो स्वतःच वाकू लागला की आवाज फाटलाच! बोलपटांच्या आरंभी, १९२६च्या सुमारास, अमेरिकेच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकने आपल्या ५५५ या ड्रायव्हरच्या, म्हणजे कर्ण्याला आवाज पुरवणाऱ्या भागाच्या, पडद्यात ड्युरॅल्युमिन हा विमानासाठी वापरला जाणारा मिश्रधातू घातला. आज जगभरचे शौकीन या ५५५साठी जीव टाकतात.

हलकेपणा आणि ताठपणाचा हा शोध १९७४मध्ये जपानच्या यामाहाला बेरिलियमपर्यंत घेऊन गेला. पदार्थ जितका हलका आणि ताठ, तितका ध्वनी त्यातून वेगाने जातो. अ‍ॅल्युमिनियमपेक्षा हलक्या असलेल्या या धातूतून तो सेकंदाला १२ किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो. अ‍ॅल्युमिनियममधून सुमारे ५. बेरिलियम ठिसूळ, पत्र्यासारखे ठोकून आकार देणे अवघड. म्हणून यामाहाने निर्वातात त्याची वाफ करून साच्यावर थर बसवला आणि एनएस-१००० या स्पीकरचे घुमटाकार पडदे घडवले. त्याचा 'एम' प्रकार स्वीडनच्या रेडिओनेही वापरला. गंमत म्हणजे याच स्पीकरचा खर्जाचा कोन कागदाचाच आहे, आणि तिथे तो योग्यच आहे.

असा जुना जोड कुणाला मिळालाच, तर आधी घुमट तपासावा. तडा दिसला तर घासूपुसू नये, घरी दुरुस्तीही करू नये. बेरिलियमची धूळ फुफ्फुसांना घातक असते.