न पाहिलेल्या कारागिराची पारख

(पिपरी मेघे येथील शारदीय व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मोबाइल ॲप तयार करणारा डेव्हलपर दूर कोठेतरी बसलेला असताना त्याची निवड कशी करावी आणि त्याला कसे पारखावे, हा विषय मी आपल्या चालकांना सुचविला तेव्हा त्यांच्यापैकी काहींच्या मुद्रेवर जे आश्चर्य उमटले ते मला समजले. कारण ही मोठ्या शहरांतील मोठ्या कंपन्यांची विवंचना असून वर्ध्याला लागून असलेल्या आपल्या पिपरीचा तिच्याशी संबंध काय, असे प्रथमदर्शनी कोणालाही वाटावे. परंतु आपल्याच आळीतील मुले-मुली पुण्या-बंगळूरच्या, क्वचित सातासमुद्रापलीकडच्या मालकाचे काम घरातील टेबलावर इन्व्हर्टरच्या भरवशावर रात्री जागून करीत असतात. आणि दुसऱ्या बाजूने आपल्या भागातील शेतकरी-गट, दवाखाने, शिकवणी-वर्ग व दुकानदार आपापले ॲप करवून घेण्यासाठी, ज्याला ते कधी डोळ्यांनी पाहणार नाहीत अशा माणसाच्या हवाली आपला पैसा आणि आपल्या लोकांची माहिती करीत असतात. पारखणारे आणि पारखले जाणारे असे दोघेही आज या मंडपात बसलेले आहेत, म्हणून हा विषय मी हट्टाने येथे आणला आहे.

पूर्वी सुतार ठरवावयाचा झाला तर त्याची पारख निराळी करावी लागत नसे. त्याने बसविलेले दार शेजारच्या घरी चार पावसाळे फुगलेले की न फुगलेले आपण पाहिलेले असे; त्याचा बाप कोण, तो इसार घेऊन पळणारा की दिल्या शब्दाला जागणारा, हे चावडीवर ठाऊक असे; आणि काम बिघडलेच तर तगादा लावण्यासाठी त्याचे घर गावातच असे. दूरस्थ कारागिराच्या बाबतीत ही तीनही साधने एकदम नाहीशी होतात, आणि त्यांच्या जागी आपण जी साधने आणून बसविली आहेत, म्हणजे नक्षीदार अर्ज, प्रमाणपत्रांच्या तसबिरी, कोणा अनोळखी माणसांनी दिलेले तारे आणि अर्ध्या तासाचा व्हिडिओ कॉल, त्यांपैकी एकही असे नाही की ज्याची नक्कल करता येत नाही. हे मी भीती घालण्यासाठी सांगत नाही. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात एका स्त्रीने आपल्या घरी कंपन्यांचे लॅपटॉप मांडून ठेवले, त्यांच्याआडून उत्तर कोरियाचे लोक चोरलेल्या नावांनी अमेरिकन नोकर म्हणून कामे करीत राहिले, आणि तीनशेंहून अधिक कंपन्यांच्या तिजोरीतून सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर त्या मार्गाने गेले. जुलै २०२५ मध्ये तिला साडेआठ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. त्या कंपन्यांजवळ वकील होते, निवड-खाती होती, पार्श्वभूमी तपासणारे लोक होते, आणि तरीही माणूस ओळखण्यात त्या चुकल्या.

मग दुरून ओळखता येण्यासारखे काय उरते? माझे उत्तर एका शब्दाचे आहे: काम. आणि हे उत्तर मला संगणकाच्या पुस्तकात सापडले नसून येथून जवळच, १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या मगन संग्रहालयात नाना तऱ्हांचे चरखे पाहत असताना मिळाले.

त्या चरख्यांनी मला एका जुन्या बक्षिसाची आठवण करून दिली. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या काळचा लाख म्हणजे केवढी रक्कम, हे वडीलधाऱ्यांना सांगणे नको. त्या जाहीरनाम्यातील अटी आजच्या कोणत्याही करारनाम्याच्या मसुद्याला लाजविणाऱ्या आहेत: यंत्र हलके असावे आणि खेड्यातील झोपडीत हाताने किंवा पायाने चालावे, एखाद्या बाईला विशेष श्रम न पडता ते आठ तास चालविता यावे, त्या आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० वार सूत निघावे, किंमत १५० रुपयांवर जाऊ नये, यंत्र २० वर्षे टिकावे आणि झिजलेल्या भागांचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांहून अधिक होऊ नये. या यादीत कारागिराची जात, पदवी, देश किंवा अनुभवाची वर्षे यांविषयी आवड-नावड नाही; ते यंत्र कोणाच्या घरात, कोणाच्या हाताने, किती तास चालणार, हे मात्र इतक्या नेमकेपणाने लिहिलेले आहे की, चार परीक्षक भिन्न मतांचे असले तरी सूत मोजल्यावर त्यांचा निकाल एकच यावा. आपल्या महाराष्ट्रातून किर्लोस्करवाडीच्या गणेश भास्कर काळे यांनी या बक्षिसासाठी यंत्र रचले. बक्षीस त्यांनाही मिळाले नाही आणि अखेरपर्यंत कोणालाच मिळाले नाही.

या योजनेविषयी माझा आदर मोठा आहे, आणि म्हणूनच तिच्यातील एक उणीव मी झाकून ठेवू इच्छीत नाही. स्पर्धकाने आपले यंत्र स्वखर्चाने पाठवावयाचे होते. म्हणजे ज्याने वर्षानुवर्षे झिजून यंत्र केले आणि जो एका अटीत कमी पडला, त्याच्या पदरी श्रमाचा मोबदला म्हणून काहीच पडावयाचे नव्हते. राष्ट्रकार्याच्या भरात ते चालून गेले असेल. परंतु आज एखादा मालक पाच उमेदवारांकडून 'चाचणी' म्हणून आठ-आठ दिवसांचे काम फुकट करवून घेतो आणि त्यांतील चांगला भाग उचलून वापरतो, तेव्हा त्याला मी परीक्षा म्हणत नाही, वेठ म्हणतो. चाचणी लहान असावी, दोन दिवसांपलीकडे जाऊ नये, आणि तिचा मेहनताना निवड होवो अथवा न होवो, ठरल्या दिवशी द्यावा.

कामावरून माणूस ओळखावा याला शास्त्राचा आधार आहे काय, असे कोणी विचारील. १९९८ साली श्मिट आणि हंटर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी निवडीच्या पद्धतींवरील ८५ वर्षांचे संशोधन एकत्र तपासले, तेव्हा प्रत्यक्ष कामाचा नमुना करवून घेणे ही पद्धत अग्रभागी आली आणि अनुभवाच्या वर्षांचा पुढील कर्तबगारीशी असलेला संबंध फारच क्षीण आढळला. २०२२ मध्ये सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो हिशेब पुन्हा मांडला. त्यात कामाच्या नमुन्याचे आकडे पुष्कळ खाली आले आणि सर्वांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारणारी मुलाखत क्रमवारीत वर गेली, तरी अनुभवाची वर्षे तळाशीच राहिली. तेव्हा 'किमान पाच वर्षांचा अनुभव' ही जाहिरातीतील ओळ आपण किती सहज लिहितो, याचा विचार व्हावा.

आता माझ्या हातून घडलेली गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका शेतकरी-गटाने कापूस-खरेदीच्या नोंदींसाठी ॲप करवून घ्यावयाचे ठरविले आणि सल्ल्यासाठी मला बोलाविले. आम्ही दूरच्या शहरातील एक गृहस्थ निवडले. बोलणे गोड, अर्ज सुबक, शिफारसपत्रे तीन. ॲप झाले आणि एक हंगाम चालले. दुसऱ्या हंगामाच्या तोंडावर दुरुस्तीची गरज पडली तेव्हा त्या गृहस्थांचा फोन लागेना, आणि त्यानंतर कळले की गूगलच्या दुकानातील खाते त्यांच्याच नावावर, मूळ कोड त्यांच्याच ताब्यात आणि आमच्या दप्तरात पैसे पोचल्याच्या पावत्यांखेरीज काही नाही. ते खाते उघडण्याचे शुल्क एकदाच भरावयाचे २५ डॉलर असते. तेवढे वाचले म्हणून मी समाधान मानले होते, आणि त्या समाधानाची किंमत नव्याने नाव नोंदवीत बसलेल्या शेतकऱ्यांनी मोजली.

त्यानंतर मी कायदा वाचला, आणि जे वाचले ते प्रत्येक मालकाने आणि प्रत्येक कारागिरानेही जाणून घ्यावे असे आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. पगारी नोकराने नोकरीच्या ओघात लिहिलेला कोड, उलट करार नसेल तर, मालकाचा ठरतो. परंतु स्वतंत्रपणे काम घेणाऱ्याने लिहिलेल्या कोडचा पहिला स्वामी तो लिहिणाराच असतो, आणि पैसे दिल्याने ती मालकी आपोआप आपल्याकडे येत नाही. ती यावयाची तर कलम १९ प्रमाणे लेखी व सहीचे हस्तांतरपत्र हवे. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची समजली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारतापुरता हक्क मिळतो. दोन ओळींच्या अभावी माणसे आपल्याच ॲपचे भाडेकरू होतात! म्हणून दुकानातील खाते प्रथमपासून आपल्या नावाचे, कोडची रिपॉझिटरी, म्हणजे तो साठविण्याची जागा, आपल्या मालकीची आणि डेव्हलपरला तीत कामापुरता प्रवेश, अशी व्यवस्था पहिल्या दिवशीच असावी. प्रामाणिक कारागीर याला कधीही आक्षेप घेत नाही. उलट पुढे वाद नको म्हणून तोच ती सुचवितो, असा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या खेपेस त्याच गटाने मला पुन्हा बोलाविले, हा त्यांचा मोठेपणा. या वेळी अर्ज मागविण्यापूर्वी मी जिनिंगच्या काट्यावर एक सबंध सकाळ जाऊन बसलो. गाडी काट्यावर चढे, दिवाणजी वजन वाचीत, रुईचे तंतू चिकटलेल्या बोटांनी ते फोनवर टिपीत आणि 'जतन करा' हे बटण दाबीत. मध्येच त्यांनी ते दोनदा दाबले. मी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "नेट गेलं का समजत नाही जी, चढलं का नाही चढलं. म्हणून दोनदा दाबतो. मंग कधी कधी एकच गाडी दोनदा चढते." एका शेतकऱ्याच्या नावावर एकाच गाडीची दोन वजने, आणि संध्याकाळी त्यावरून काट्यावर होणारी बाचाबाची! ते वाक्य मी तसेच्या तसे लिहून घेतले आणि तीच चाचणी ठरविली: शेतकऱ्याचे नाव, गाडीचा क्रमांक आणि वजन घेणारा एकच पडदा करावा, नेट नसताना नोंद फोनमध्ये राहावी, नेट आल्यावर आपोआप पुढे जावी, आणि बटण कितीदाही दाबले तरी एकदाच जावी. मुदत दोन दिवस. मेहनताना जाहिरातीतच लिहिलेला.

अखेरीस दोन उमेदवार उरले. एकाचा पडदा इतका देखणा होता की पाहताक्षणी गटाचे पदाधिकारी त्याच्या बाजूचे झाले. दुसरी एक मुलगी होती, आपल्याच जिल्ह्यातली. तिचा पडदा साधा, करड्या रंगाचा, परंतु काम सुरू करण्यापूर्वी तिने मला तीन प्रश्न लिहून पाठविले होते. सर, वजन क्विंटल आणि किलो अशा दोन चौकटींत घ्यायचे की दशांशात? फोनची तारीख चुकलेली असेल तर कोणती तारीख खरी धरायची? आणि एकच गाडी दिवसात खरोखर दोन खेपा करीत असेल तर तिची दुसरी नोंद दुबार समजून गाळली जाऊ नये ना? हा तिसरा प्रश्न वाचून मी थबकलो, कारण काट्यावर सबंध सकाळ बसूनही तो मला सुचला नव्हता. तिने प्रत्येक नोंदीला फोनमध्येच एक स्वतंत्र क्रमांक दिला होता, त्यामुळे तीच नोंद दहादा पाठविली तरी एकदाच गणली जाई आणि दुसरी खेप मात्र दुसरी म्हणूनच राही.

दोन्ही ॲप आम्ही काट्यावर नेले आणि दिवाणजींच्या हाती दिले. विमान-मोड लावून पाच गाड्या टिपल्या, मग तो काढला. मुलीच्या नोंदी पाचच्या पाच आल्या. देखण्या पडद्याच्या सात आल्या. पदाधिकाऱ्यांना मला काही सांगावे लागले नाही. त्यानंतरचा व्हिडिओ कॉल मी तिची ओळख तपासण्यासाठी थोडा आणि तिचा कोड तिच्याच तोंडून समजून घेण्यासाठी अधिक केला. ही ओळ का लिहिली, ती काढली तर काय होईल, असे विचारीत गेलो. कारण दुसऱ्याकडून किंवा यंत्राकडून लिहवून घेतलेला कोड माणूस वाचून दाखवू शकतो, परंतु त्यातील एक वीट काढली असता भिंतीचे काय होईल, हे त्याला चटकन सांगता येत नाही. तिने शांतपणे सांगितले, आणि एके ठिकाणी "इथे मला खात्री नव्हती, म्हणून जुन्या फोनवर करून पाहिले" असेही म्हणाली. तिचे नाव नक्की झाले.

ज्याची निवड झाली नाही त्या तरुणालाही ठरलेला मेहनताना त्याच दिवशी पाठविला, आणि सोबत काट्यावर काय घडले, कोणत्या दोन नोंदी दुबार चढल्या, याचे एक पानभर टिपण धाडले. अशी टिपणे कोणी पाठवीत नाही. 'आपल्या अर्जाबद्दल आभारी आहोत' एवढ्यावर उमेदवाराची बोळवण होते, आणि आपण कोठे चुकलो हे त्याला आयुष्यात कळत नाही. आठ दिवसांनी त्याचे उत्तर आले. त्यात तक्रार नव्हती, विनवणीही नव्हती. दुरुस्त केलेला पडदा जोडलेला होता आणि खाली एकच प्रश्न होता की, दिवाणजी कोणता फोन वापरतात, आणि उन्हात त्यावरची अक्षरे त्यांना दिसतात काय. पुढच्या हंगामात सोयाबीनच्या नोंदींचे काम निघाले तेव्हा आम्ही जाहिरात दिली नाही. त्यालाच पत्र लिहिले.