दोन खुणांमधलं अंतर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित पाठ)

श्रोतेहो, ‘केवढा होतास रे तू!’ असं म्हणताना वडीलधारी माणसं हात खाली नेतात आणि हवेत एका ठिकाणी थांबवतात. हात गुडघ्याशी थांबला तर मुलगा तेव्हा नुकता उभा राहत होता, कमरेशी थांबला तर शाळेत जाऊ लागला होता, असं आपण समजून घेतो. रेडिओवरून हा हात दाखवता येत नाही. प्रत्यक्षातही तो फार भरवशाचा नसतो. आत्याचा हात मामाच्या हातापेक्षा हमखास चार बोटं वर थांबतो! म्हणून आज मुलांची उंची मोजायच्या, भिंतीवर टांगायच्या तक्त्याविषयी बोलणार आहे.

पूर्वी असा तक्ता विकत आणायची पद्धत नव्हती. दाराच्या चौकटीला पाठ लावून मुलाला उभं करायचं, डोक्यावर वही ठेवायची आणि पेन्सिलीने रेघ मारायची. आमच्या घरी अम्मीची एक अट असे. आधी ‘माशाअल्लाह’ म्हणायचं, मगच आकडा उच्चारायचा. शेजारच्या काकू मीठ-मोहरी ओवाळत. निजलेल्या मुलाला ओलांडू नये, त्याची वाढ खुंटते, हे मात्र दोन्ही घरांत सारख्याच धाकाने सांगितलं जाई. मुलाची वाढ ही अशी भीत भीत मोजायची गोष्ट होती.

चौकटीवरच्या त्या रेघांची अडचण एकच. त्या चौकटीबरोबर राहतात. आमच्या कुर्ल्यात आज किती कुटुंबं एका घरात दहा वर्षं टिकतात? भाड्याच्या खोलीचा करार अकरा महिन्यांचा. चाळ पुनर्विकासाला गेली की संक्रमण शिबिर. मूल पाच वर्षांचं होईतो तीन पत्ते बदलतात आणि प्रत्येक घरात दोन-दोन रेघा मागे राहतात. घरमालक रंग काढतो, त्याही जातात.

कधी पाणीही नेतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. म्हणजे ९४ सेंटिमीटर, जवळजवळ तीन वर्षांच्या मुलाच्या उंचीएवढा! मिठी नदी कुर्ल्यातल्या कितीतरी घरांत शिरली. पाणी ओसरल्यावर भिंतींवर चिखलाची एक आडवी रेघ उरली होती. पोरांच्या उंचीच्या सगळ्या रेघा तिच्याखाली होत्या. मग भिंती धुतल्या, रंग झाले आणि दोन्ही प्रकारच्या रेघा गेल्या.

तेव्हा तक्ता निवडताना माझी पहिली अट ही, की तो घराबरोबर न राहता मुलाबरोबर जावा. बाजारात साधारण तीन प्रकार दिसतात. एक चिकटवायचा, जिराफ किंवा झाड छापलेला. दिसतो गोड, पण पावसाळ्यात भिंतीला ओल आली की सुटतो आणि घर बदलताना काढला तर फाटतो. दुसरा जाड कापडाचा, वर-खाली लाकडी दांडी असलेला. गुंडाळून नेता येतो. ताणला जाऊ नये म्हणून त्याला लोंबकळू मात्र द्यायचं नाही. तिसरी लाकडी पट्टी, हिच्यावरच्या खुणा सर्वांत जास्त टिकतात. विकतची महाग वाटली तर सुताराकडून साडेपाच-सहा फुटांची सरळ पट्टी रंधून घ्यावी आणि पोलादी टेप शेजारी धरून तिच्यावर रेघा आखाव्यात. एखाद्या पेयाच्या डब्यासोबत तक्ता फुकट मिळाला तर तोही चालेल. त्यावरच्या जाहिरातीवर मात्र विश्वास ठेवू नये.

कोणताही घ्या, घरी आणल्यावर आधी तक्त्याचंच माप घ्या. छापील रेघा पोलादी टेपशी जुळतात का ते पाहा. बऱ्याच तक्त्यांची पहिली रेघ ६० किंवा ७० सेंटिमीटरची असते. ती जमिनीपासून नेमक्या तेवढ्याच उंचीवर यायला हवी. खिळा दोन बोटं वर ठोकला गेला तर मूल कागदावर दोन बोटं बुटकं होतं आणि आईचा जीव उगाच टांगणीला लागतो. आकडे सेंटिमीटरमध्ये हवेत, सोबत फूट-इंच असले तर उत्तम. आपण घरात फूट बोलतो, अंगणवाडी आणि डॉक्टर सेंटिमीटर बोलतात.

आता मोजायचं कसं? चपला-मोजे काढायचे, मुलींची वेणी किंवा अंबाडा सोडायचा. टाचा, पाठ आणि डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकलेला, नजर समोर. जिथे स्कर्टिंग पुढे आलेलं असेल ती जागा टाळायची, कारण तिथे टाच मागे टेकत नाही. डोक्यावर नुसती वही ठेवली तर ती तिरकी होते. सुताराचा गुण्या किंवा जाड पुस्तक भिंतीला काटकोनात टेकवून ठेवावं. आणि वेळ शक्यतो तीच ठेवावी. दिवसभरात पाठीच्या मणक्यांमधल्या गाद्या दबतात आणि सकाळी मोजलेलं मूल संध्याकाळी सुमारे सेंटिमीटरभर कमी भरतं.

आता मुख्य मुद्दा. आपण तक्त्यावर पाहतो सर्वांत वरची रेघ. पाहायचं असतं ते दोन रेघांमधलं अंतर. जन्मतः मूल साधारण ५० सेंटिमीटर लांब असतं. पहिल्या वर्षी ते आणखी सुमारे २५ सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्या वर्षी १२ च्या आसपास. मग वेग मंदावतो. चौथ्या वर्षानंतर वयात येईपर्यंत वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर. आई-बाप बुटके असतील तर मूल बुटकं असू शकतं; त्याच्या रेघा ठरल्या अंतराने वर सरकत असतील तर काळजीचं कारण सहसा नसतं. उलट उंच मुलाच्या रेघा जवळजवळ येऊ लागल्या, वर्षभरात चार सेंटिमीटरही वाढ झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवायला हवं. म्हणून प्रत्येक रेघेशेजारी तारीख हवी. तारखेशिवायची रेघ म्हणजे पत्त्याशिवायचं पत्र.

अठराव्या शतकात फ्रान्समधल्या माँबेयार नावाच्या सरदाराने हेच केलं. १७५९ ते १७७७ अशी अठरा वर्षं, साधारण दर सहा महिन्यांनी, त्याने आपल्या मुलाची उंची लिहून ठेवली. एका मुलाच्या सलग वाढीची ती पहिली नोंद मानली जाते. मूल कधी झपाट्याने वाढतं आणि कधी सावकाश, हे त्या एका बापाच्या चिकाटीमुळे शास्त्रज्ञांना दिसलं.

‘आपल्याकडची मुलं बुटकीच असायची’ असं म्हणणारे भेटतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या सुमारे साडेआठ हजार मुलांची वाढ तपासली. आपल्याकडची मुलं दिल्लीची होती. आईचं दूध, पुरेसा आहार आणि निरोगी परिसर मिळालेली मुलं पहिल्या पाच वर्षांत सगळीकडे जवळपास सारखीच वाढतात, असं त्यातून दिसलं. त्यावरूनच २००६ मध्ये संघटनेने वाढीची मानकं ठरवली. त्यांनुसार पाच वर्षांचा मुलगा सरासरी ११० सेंटिमीटर असतो. १०० च्या थोडं वर, म्हणजे १००.७ च्या खाली राहिला तर त्याची वाढ खुंटली असं धरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये महाराष्ट्रात पाच वर्षांखालची शंभरांतली ४६ मुलं अशी होती. २०१९-२१ मध्ये ती ३५ वर आली. तरी तीन मुलांमागे एक! हा दोष रक्ताचा नाही. पोटात काय पडतं, नळाला कसलं पाणी येतं, वारंवार जुलाब होतात का, याचा तो हिशेब आहे.

आणि हा हिशेब बहुतांशी पहिल्या दोन वर्षांतच होतो. म्हणजे मूल तक्त्यापाशी सरळ उभं राहू लागतं तोवर निम्मी गोष्ट लिहून झालेली असते. म्हणून त्याआधीचे आकडे अंगणवाडीतून घ्या. २०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झालं, तेव्हापासून वजनकाट्याबरोबर तान्ह्या मुलांची लांबी निजवून मोजायचं आणि मोठ्यांची उंची उभं करून मोजायचं साधनही अंगणवाड्यांना देण्यात येऊ लागलं. तिथली नोंद मागून घ्या आणि पट्टीच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा.

एक विनंती मुलींसाठी. मुली मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी झपाट्याने वाढतात. अकराव्या वर्षी बहीण बारा वर्षांच्या भावाच्या वर जाते आणि घरात कुजबुज होते, ‘फार उंच झाली तर स्थळ कसं मिळेल?’ मग तिच्या रेघा मारणं थांबतं आणि ती खांदे पाडून चालू लागते. तिची नोंद थांबवू नका. ताटातली भाकरी आणि पट्टीवरची रेघ, दोन्ही भावाबरोबरीने मिळू द्या. भावंडांना एकमेकांशी मोजू नका; प्रत्येकाला वेगळा रंग द्या आणि ज्याला-त्याला त्याच्याच मागच्या रेघेशी ताडून पाहा.

तर श्रोतेहो, पट्टी कापडाची घ्या की लाकडाची, जिराफाची घ्या की साधी. तिच्यावर नाव लिहा, रेघ मारा, तारीख घाला. पुढची रेघ सहा महिन्यांनी. आणि घर बदलायची वेळ आली तर भांड्यांच्या आधी ती पट्टी गुंडाळा.