पुरे कुठे म्हणायचं? : 'तुंबाड' या भयपटाविषयी



आपल्या दिव्याहून सुटणारी सावंतवाडी गाडी खेडला थांबते. त्याच तालुक्यात तुंबाड गाव आहे. श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'मुळे ते मराठी घराघरांत पोचलं आणि २०१८ साली राही अनिल बर्वे यांच्या हिंदी भयपटाने ते नाव देशाबाहेरही नेलं.

बर्वे यांनी पहिला खर्डा १९९७मध्ये लिहिला. मुळाशी प्रेरणा नारायण धारपांच्या कथेची. तेच धारप, ज्यांची पुस्तकं आपण बाकाखाली धरून वाचायचो! २०१२मध्ये चित्रीकरण झालं. संकलनानंतर मनासारखं उतरलं नाही, म्हणून पटकथा पुन्हा लिहिली, पुन्हा चित्रीकरण केलं. ते २०१५मध्ये संपलं. पाऊस खरा हवा, म्हणून पावसाळ्यांची वाट पाहिली. लहानगा पांडुरंग आणि ती भयंकर आजी, दोन्ही मोहम्मद समद या एकाच मुलाने साकारले.

पहिल्यांदा थिएटरात गर्दी बेताचीच होती. २०२४मध्ये तो पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'चालतंय ना, द्या पाठवून' हे रोजचं वाक्य. म्हणून मला हे विशेष वाटतं.

चित्रपटातलं खरं भय हस्तरचं नाही. विनायकला 'पुरे' म्हणता येत नाही आणि मुलगा ते बघून शिकतो, त्याचं आहे. आज आपली मुलंही आपल्याकडे बघताहेत. सर, बाई, वही नीट नसली तर तुम्ही पुन्हा लिहायला लावायचात आणि डबा मात्र वाटून खायला सांगायचात. कामात 'पुरे' उशिरा म्हणावं, मिळकतीत लवकर. एवढंच मुलांना देता आलं तरी खूप झालं.