जिनिंगचा फिटर कोणाच्या नावावर?



दिवाळीच्या आगेमागे यवतमाळ जिल्ह्यात दोन उलटसुलट प्रवास सुरू होतात. पुसद, दिग्रस, महागाव, उमरखेड भागातल्या तांड्यांवरून ऊसतोड कुटुंबं मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. त्याच दिवसांत वणी, पांढरकवडा, राळेगावच्या जिनिंगमध्ये परप्रांतातले कारागीर येऊन उतरतात. हा जिल्हा मजूर धाडतो आणि बोलावतोही. आपल्या तांड्यावरच्या कोयत्याला कोल्हापुरात जे मिळायला हवं असं इथला माणूस तावातावाने म्हणतो, ते राळेगावच्या जिनात आलेल्या फिटरला इथल्या मालकाने आधी द्यायला हवं.

हा फिटर नेमकं करतो काय? डबल रोलर जिनचे चामड्याचे रोलर झिजले की त्यांवरच्या खाचा बुजतात आणि कापूस नीट धरला जात नाही. तो रोलर उतरवतो, खाचा पुन्हा पाडून घेतो, स्थिर चाकू रोलरवर किती दाबायचा ते हाताच्या अंदाजाने ठरवतो. दाब चुकला तर सरकी फुटते, तिचे तुकडे रुईत जातात आणि १७० किलोच्या गठाणीचा भाव पडतो. मालकाचा हंगाम या हातावर उभा असतो. तरीही कित्येक ठिकाणी हजेरीच्या वहीत त्याचं नाव सापडत नाही. तिथे ठेकेदाराचं नाव आणि पुढे माणसांचा आकडा, एवढंच. वीटभट्ट्यांवरची रीतही फार वेगळी नाही.

नाव नसलं की काय होतं, ते टाळेबंदीत दिसलं. १९ मे २०२० रोजी सोलापूरहून मजुरांना घेऊन निघालेली एसटी बस याच जिल्ह्यात आर्णी तालुक्यात ट्रकवर आदळली. चार जण गेले. झारखंडला घरी निघालेली माणसं त्या बसमध्ये होती. त्या वर्षी वाटेत किती स्थलांतरित मजूर मेले, याची आकडेवारी उपलब्ध नसल्याचं केंद्र सरकारने सप्टेंबरमध्ये संसदेत सांगितलं. नोंदच नव्हती, तर मोजणार कोण?

कायदा नव्हता असं नाही. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा ठेकेदाराने आणलेल्या पाच कामगारांपासून लागू होत असे. फोटोचं पासबुक, प्रवासभाडं, महिन्याच्या निम्म्या पगाराइतका विस्थापन भत्ता, सगळं त्यात होतं. (आपल्या ऊसतोड्याला तो कोल्हापुरात लागूच नव्हता, कारण राज्याची हद्द ओलांडली जात नाही.) २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या श्रम संहितेने घेतली. स्वतःहून आलेला, मालकाने थेट ठेवलेला कामगारही आता स्थलांतरित धरला जातो, ही चांगली गोष्ट झाली. पण विस्थापन भत्ता गेला आणि पाचाचे दहा झाले. पाच ते नऊ बाहेरची माणसं ठेवणारा लहान जिन किंवा भट्टी त्यामुळे सुटते. ही सूट मालकांनी मागायला नको होती आणि सरकारने द्यायला नको होती.

आता आपल्याच मुलांकडे पाहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशा कामांसाठी इथली पोरं जर्मन शिकू लागली. तिथला छोटा कारखानदारही पगार लिहून देतो, तेव्हा व्हिसाचं पुढे सरकतं. ब्रिटनमध्ये दहा माणसांच्या धंद्यालाही परदेशी कामगार आणायचा तर स्पॉन्सर परवाना काढावा लागतो आणि त्या परवान्याचा खर्च कामगाराच्या माथी मारायला मनाई आहे. तिथेही सगळं आलबेल नाही. व्हिसा एकाच मालकाशी बांधलेला असल्याने वृद्धसेवेतल्या अनेक परदेशी कामगारांची पिळवणूक झाली; मालकाचा परवाना गेला की नवा मालक शोधायला जेमतेम दोन महिने मिळतात. मुकादमाची उचल माणसाला अशीच बांधते: फिटेपर्यंत निघायचं नाव नाही.

तेव्हा कामगाराची जबाबदारी घ्यावी, पण त्याला बांधून ठेवू नये. पुढच्या हंगामात येणाऱ्या प्रत्येक कारागिराला मालकाच्या सहीचं, त्याला वाचता येईल अशा भाषेतलं एक पत्र मिळावं. रोज किती, ओव्हरटाइम किती, येण्याजाण्याचं भाडं कोण देणार, खोली कुठे, हात मशिनमध्ये गेला तर दवाखान्याचा खर्च कोणाचा, हे त्यात हवं. आधार कार्ड त्याच्याच खिशात राहावं. अर्ध्या हंगामात तो निघाला तर झालेल्या दिवसांचा हिशेब त्याच दिवशी व्हावा. एकट्या लहान मालकाला खोल्या बांधणं झेपत नाही, हे खरं. तालुक्यातल्या चार-पाच जिनिंगनी मिळून त्या बांधाव्यात. रोलरचं सामान मिळून मागवणाऱ्यांना हे अवघड जाऊ नये. पत्राचा नमुना ऑक्टोबरच्या आत, पहिली कापसाची गाडी काट्यावर येण्यापूर्वी ठरायला हवा आणि तो ठरवताना एक जुना फिटर आणि एक रेजा (मजूर बाई) बैठकीत बसलेली असावी.