संगणक म्हातारा झालेला नाही
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. "तू कॉम्प्युटर दुरुस्त करतोस ना, मग सगळ्यांच्या उपयोगाचं काहीतरी सांग," असा हुकूम आहे. फळ्यासमोर उभं केलं की माझे पाय लटपटायचे, हे समोर बसलेल्या बाईंना आठवत असेल. आज विषय माझा आहे, म्हणून हिंमत करतो.

सकाळपासून चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला. "घरचा कॉम्प्युटर चालू व्हायला पाच-पाच मिनिटं घेतो, भंगारात देऊ का?" माझं उत्तर आहे, जरा थांबा. बहुतेक वेळा संगणक म्हातारा झालेला नसतो. त्यातला एकच भाग मागे पडलेला असतो, तो म्हणजे हार्ड डिस्क.

हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरते, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा. तिच्यावरून ग्रामोफोनसारखा एक दांडा इकडून तिकडे सरकतो. माहितीचा तुकडा हवा असेल तर दांडा आधी त्या जागी जाणार, मग तबकडी फिरून तो तुकडा खाली येण्याची वाट पाहणार. यात सेकंदाचा साधारण शंभरावा भाग जातो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण संगणक सुरू होताना असे हजारो छोटे तुकडे गोळा करावे लागतात.

आपल्या शाळेचं कार्यालय आठवा. दाखला मागितला की शिपाईकाका आतल्या खोलीत जाऊन एक रजिस्टर आणायचे, मग दुसऱ्यासाठी परत जायचे. क्लार्क कितीही हुशार असला तरी काका येईपर्यंत बसूनच राहणार. तुमचा प्रोसेसर म्हणजे तो क्लार्क.

एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही. पेनड्राइव्ह आणि मोबाइलमध्ये असते तशीच फ्लॅश मेमरी तिच्यात असते. जपानच्या तोशिबा कंपनीतले अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात ती शोधली. तिथे कुठलाही तुकडा सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास हाती येतो. म्हणून पाच मिनिटांचं काम अर्ध्या मिनिटावर येतं. मात्र इंटरनेट यामुळे वेगवान होणार नाही. आणि रॅम ४ जीबीच असेल तर तीही ८ करून घ्या.

घरी गेल्यावर विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये डिस्क पाहा. तिथे एचडीडी लिहिलं असेल आणि आकडा सतत १०० टक्क्यांना चिकटलेला असेल, तर दुखणं सापडलं. जुन्या डेस्कटॉपला आणि बहुतेक जुन्या लॅपटॉपला अडीच इंची साटा एसएसडी चालते. घरच्या वापराला ५०० जीबी पुष्कळ. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर करता येते. त्याला क्लोनिंग म्हणतात.

आता जे सांगण्यासाठी खरं तर मी उभा राहिलो ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी आपल्यापैकीच एका मैत्रिणीचा संगणक मी असाच वेगवान करून दिला. "फोटो पेनड्राइव्हवर घेतलेत," असं ती म्हणाली. मी मान डोलावली, पेनड्राइव्ह उघडून पाहिला नाही. नव्या एसएसडीवर विंडोज टाकलं, जुनी डिस्क पुसली आणि तिच्या मुलांसाठी त्यावर सिनेमे भरून दिले. संगणक झटकन सुरू झाला, ती खूश झाली. आठ दिवसांनी तिचा फोन आला. पेनड्राइव्हवर फोटो नव्हतेच, डेस्कटॉपवरचे नुसते शॉर्टकट होते. नावं दिसत होती, आत काही नव्हतं. तिच्या वडिलांचे शेवटच्या दोन वर्षांतले सगळे फोटो त्या जुन्या डिस्कवर होते. बरेच प्रयत्न केले, पण मोजकेच फोटो परत मिळाले. ती मला एका शब्दानं बोलली नाही. आज ती इथे बसली आहे. तिची परवानगी घेऊनच मी हे सांगतोय.

तेव्हापासून मी तीन गोष्टी पाळतो. पहिली, प्रत घेतली असं कुणी म्हटलं तरी ती दुसऱ्या संगणकावर उघडून चार फोटो डोळ्यांनी पाहतो. दुसरी, काढलेली जुनी डिस्क पुसत नाही. ती चालू स्थितीत असेल तर यूएसबी केसमध्ये घालून मालकाच्या हातात देतो, म्हणजे घरात एक प्रत तयारच राहते. तिसरी, नवी डिस्क आली म्हणून निर्धास्त राहू देत नाही. हार्ड डिस्क बिघडायच्या आधी पुष्कळदा खटखट आवाज करते. एसएसडी बऱ्याचदा काही न बोलता एकदम बंद पडते. तिच्यावरून पुसलेली फाइल परत मिळणंही फार कठीण असतं. आणि वर्षानुवर्षं विजेशिवाय कपाटात ठेवली, तर तिच्यावरची माहिती हळूहळू विरू शकते. म्हणून फोटो नेहमी दोन ठिकाणी ठेवा.

आज इथे काढलेले फोटो उद्या तुमच्या-आमच्या संगणकावर जातील. यातले काही चेहरे पुढच्या मेळाव्याला नसतील, हे आपण सगळे जाणतो. ते फोटो जपून ठेवा, आणि मग खुशाल संगणक वेगवान करा.

जेवणानंतर मी आपल्या जुन्या दहावीच्या वर्गात, शेवटच्या बाकावर बसलेला असेन. कुणाला लॅपटॉप दाखवायचा असेल तर घेऊन या. पैसे घेणार नाही, पण प्रत घेतली का हे आधी विचारीन.